आवळा, जांभूळ, कोकमाचा रस फॅटी लिव्हरला द्यावा का?

आधी प्रश्न थोडक्यात परत मांडतो, कारण खाली बऱ्याच जणांनी तो न वाचताच "रोज सकाळी आवळा रस, विषय संपला" असं लिहून टाकलंय. वडील ५६ वर्षांचे, वजन ८४ किलो, उंची साडेपाच फूट. सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर, एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२ (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारी ही दोन एन्झाइम्स), प्लेटलेट २ लाख १० हजार. दारू "कधीतरी". डायबेटिसची मेटफॉर्मिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. गावी घराजवळच आवळा, जांभूळ, रातांबे (कोकमाचं फळ), करवंदं सगळं आहे, आणि व्हॉट्सअपवर आलंय की या देशी फळांतल्या अँटिऑक्सिडंटमुळे लिव्हरच्या पेशी वाचतात हे "प्रयोगात सिद्ध झालंय". तर रस किती द्यायचा, आणि रिपोर्ट सुधारले तर कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायची का, कारण ती "लिव्हरला वाईट असते".

मी फिजिशियन आहे, कोकणातच प्रॅक्टिस करतो, आणि एमडीच्या आधी काही काळ फार्माकॉलॉजी विभागात ट्यूटर होतो, तिथे नेमके हेच फळांच्या अर्कांचे प्रयोग चालायचे. त्यामुळे फॉरवर्ड खोटा आहे असं मी म्हणणार नाही. प्रयोग झालेत, आवळ्यावर तर ढिगाने झालेत, आणि बऱ्याच प्रयोगांत लिव्हरच्या पेशी वाचलेल्या दिसल्यात. पण वाचल्या कुणाच्या, आणि कशापासून, हे बघितलं की तुमच्या वडिलांचा प्रश्न वेगळाच आहे हे लक्षात येतं.

सगळ्यात सोपा प्रयोग परीक्षानळीतला. डीपीपीएच नावाचं गडद जांभळं द्रावण असतं, त्यात आवळ्याचा अर्क टाकला की बघता बघता ते पिवळं पडायला लागतं, रंग किती उतरला ते मशीनवर मोजायचं, झाली "अँटिऑक्सिडंट ॲक्टिव्हिटी". दिसायला फार छान प्रयोग आहे, विद्यार्थी खूष होतात. पण चहापत्तीने, लवंगेने, आंब्याच्या कोयीने पण ते पिवळं पडतं. अशाच प्रकारच्या चाचणीतून आलेले ओरॅक नावाचे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्याने एकेकाळी फळं-भाज्यांसाठी तक्ता करून दिले होते, तो तक्ता त्यांनी २०१२ साली स्वतःच काढून टाकला, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या आणि नळीतल्या आकड्यावरून माणसाच्या शरीरात काय होईल ते सांगता येत नव्हतं. तुमच्या फॉरवर्डमध्ये "संत्र्यापेक्षा इतके पट" असं जे काही आहे ते साधारण या जातीचं असतं.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे पेशी. यासाठी बहुतेक लॅबमध्ये हेप-जी-टू नावाच्या पेशी वापरतात, त्या मुळात एका मुलाच्या लिव्हरच्या कॅन्सरमधून वाढवलेल्या आहेत, आणि नॉर्मल लिव्हरमध्ये औषधं-विषं हाताळणारी जी एन्झाइम्स असतात ती त्यांच्यात फार कमी असतात. अर्क थेट पेशींवर ओततात, मध्ये पोट नाही, आतडं नाही. आपण जांभूळ खातो तेव्हा त्याचा जांभळा रंग, म्हणजे अँथोसायनिन, मूळ रूपात रक्तात अगदी थोडं पोचतं, बाकीचं आतड्यातले जिवाणू तोडतात आणि त्यापासून वेगळेच पदार्थ बनतात, जे कुणात जास्त बनतात कुणात जवळजवळ बनतच नाहीत. म्हणजे प्लेटमधल्या पेशीला जे भेटलं ते वडिलांच्या लिव्हरला भेटेलच असं नाही.

आता उंदरांचं सांगतो, कारण "सिद्ध झालंय" म्हणतात ते बहुतेक वेळा इथलं असतं. पांढरे रॅट असतात, त्यांचे गट पाडायचे. एका गटाला आठवडाभर रोज वाकड्या बोथट नळीने थेट पोटात फळाचा अर्क द्यायचा. मग कार्बन टेट्राक्लोराइड, म्हणजे पूर्वी ड्रायक्लीनिंगला वापरायचे ते सॉल्व्हंट, ऑलिव्ह ऑईलमध्ये मिसळून इंजेक्शन द्यायचं. चोवीस तासांनी रक्त काढायचं आणि लिव्हर बाहेर काढून बघायचं. नुसतं विष दिलेल्यांचं लिव्हर फिकट, ठिपकेदार दिसतं, एसजीपीटी आकाशाला भिडलेलं असतं. अर्क घेतलेल्यांचं लिव्हर बरंचसं लालसर तपकिरी राहिलेलं असतं, आकडाही कमी. शेजारी ठेवून बघितलं की कुणालाही वाटेल वा, काय औषध आहे!

पण यात दोन गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे अर्क विषाच्या *आधी* दिलेला असतो. तुमच्या वडिलांचं लिव्हर काही वर्षं आधीच चरबीने भरत आलंय, तिथे "आधी" ही सोय नाही. दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः तितकं घातक नसतं, लिव्हरमधलंच एक एन्झाइम, सायटोक्रोम २ई१, त्याला फोडून त्यातून फ्री रॅडिकल, म्हणजे समोर येईल त्याला भिडणारा कण, तयार करतं आणि ते पेशीच्या भिंती जाळत सुटतं. मग जो कुठला अर्क त्या एन्झाइमलाच अडवतो, तो लिव्हर वाचवल्यासारखा दिसतो, त्याच्यात अँटिऑक्सिडंट गुण असो नसो! म्हणून मी असा पेपर वाचला की आधी बघतो, अर्क विषानंतर दिला तरी फायदा झाला का. बऱ्याच पेपरमध्ये ते केलेलंच नसतं.

डोसचा हिशोब पण करून बघा. अशा प्रयोगात किलोमागे ४०० मिलीग्रॅम कोरडा अर्क हा अगदी नेहमीचा डोस. रॅटवरून माणसावर येताना साधारण ६.२ ने भागतात, म्हणजे किलोमागे ६५ मिलीग्रॅम, ८४ किलोच्या माणसाला साडेपाच ग्रॅमच्या आसपास. तोही कोरडा, बहुतेकदा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क. घरच्या मिक्सरमधून काढलेला पेलाभर रस हा वेगळाच पदार्थ झाला, त्यात पाणी आणि साखर जास्त, ते बाकीचं कमी.

मग अँटिऑक्सिडंटने लिव्हर वाचणं ही नुसती बोलायची गोष्ट आहे का? तसं अजिबात नाही, आणि हे मी मुद्दाम सांगतोय. कुणी पॅरासिटामॉलच्या भरमसाट गोळ्या घेतल्या तर लिव्हरमध्ये ग्लुटाथायोन नावाचा पेशीचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट साठा संपतो आणि गोळीपासून तयार झालेलं विषारी रसायन मोकाट सुटतं. तेव्हा आपण एन-ॲसिटिलसिस्टीन देतो, त्यातून तो साठा परत भरतो, आणि पहिल्या आठ तासांत दिलं तर लिव्हर जवळजवळ नक्की वाचतं. इथे ते चालतं कारण आजारच साठा संपण्याचा आहे आणि वेळ आपल्या हातात आहे. फॅटी लिव्हरमध्ये साठा संपलाय म्हणून चरबी जमलेली नसते. पोटाचा घेर, इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, जास्तीची साखर, थोडी आनुवंशिकता यातून चरबी लिव्हरमध्ये येते, आणि तिच्या पाठोपाठ ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे अशा फ्री रॅडिकलचा मारा, येतो. २०२३ मध्ये या आजाराचं नावच बदलून त्यात "मेटाबॉलिक" शब्द घातला तो याचसाठी. तुम्ही धुराशी भांडायला निघालाय आणि चूल तशीच पेटती आहे.

माणसांवर चाचण्या झाल्यात त्याही सांगतो. २०१० साली व्हिटॅमिन ई वर एक मोठी चाचणी आली, २४७ पेशंट, तीन गट, ९६ आठवडे, आधी आणि नंतर लिव्हरचा तुकडा काढून तपासलेला. व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत ४३ टक्के सुधारले, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के. म्हणजे परिणाम खरा आहे. पण डोस रोज ८०० युनिट, जो कुठल्याही फळातून मिळत नाही, आणि त्या चाचणीत डायबेटिसवाले घेतलेच नव्हते, म्हणजे वडिलांना ते थेट लागू होत नाही. शिवाय दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत ४०० युनिट वर्षानुवर्षं घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर थोडा जास्त निघाला, म्हणून ५६ वर्षांच्या माणसाला मी ते हलक्या हाताने लिहून देत नाही. आणि सिलिमरिन, म्हणजे मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांचा अर्क, जे उंदरांच्या प्रत्येक प्रयोगात "हे बघा खरं औषध" म्हणून तुलनेला ठेवतात, ते हिपॅटायटिस सी च्या पेशंटना मोठ्या डोसमध्ये देऊन बघितलं, २०१२ साली निकाल आला, खोट्या गोळीपेक्षा काही वेगळं निघालं नाही. आवळ्यावर माणसांतले अभ्यास आहेत पण छोटे, आणि मुख्यतः कोलेस्टेरॉल, साखर यांच्यावर.

इथपर्यंत वाचून "मग फळं देऊच नको का" असं वाटलं असेल. द्या की! पण मी पेशंटला "किती" च्या आधी "कशाच्या जागी" ते विचारतो. चारच्या चहाबरोबरची बिस्किटं किंवा फरसाण काढून त्या जागी वाटीभर जांभळं आली तर लिव्हरचा फायदाच आहे. जे चालू आहे ते सगळं तसंच ठेवून वर रोज ग्लासभर रस आला तर तोटा आहे, मग ते फळ कितीही देशी असो. कारण रसात चोथा गेला, चावणं गेलं, चार-पाच फळांची साखर दोन मिनिटांत पोटात गेली. फ्रुक्टोज थोडं थोडं आलं तर त्यातलं बरंच आतडंच निस्तरतं असं उंदरांत दिसलंय, एकदम लोंढा आला की तो लिव्हरवर जातो आणि लिव्हर त्याची चरबी करतं. म्हणजे ज्याच्यासाठी आपण रस देतोय त्याच्याच उलट.

कोकमावर जरा जास्त लिहितो, कारण आमच्याकडे गोंधळ सगळ्यात जास्त त्याचाच. रातांब्याच्या सालीत अँथोसायनिन, गार्सिनॉल, हायड्रॉक्सीसायट्रिक ॲसिड, भारदस्त नावांचं सगळं आहे. पण खायला येतं ते कुठल्या रूपात? अमृत कोकम करताना सालीच्या वाट्यांत साखर ठासून भरतात, थरावर थर, बरणी उन्हात, साखर विरघळून लाल पाक सुटेपर्यंत. साखर सालीच्या दीडपट-दुप्पट. त्याचं एक ग्लास सरबत म्हणजे पाच-सहा चमचे साखर झाली, डायबेटिसच्या माणसाला. "कोकम आहे, चांगलं असतं" म्हणत उन्हाळाभर दिवसाला तीन ग्लास पिणारे आणि मग साखर का वाढली म्हणून येणारे पेशंट मे महिन्यात माझ्याकडे ठरलेले. मग कुणीतरी सांगतं आगळ, म्हणजे रातांब्याचा खारवलेला रस, वापरा, त्यात साखर नसते. बरोबर, पण त्यात मीठ असतं, भरपूर. वडिलांना बीपी असेल तर, किंवा ज्यांचं लिव्हर सिरोसिसपर्यंत गेलंय, पोटात पाणी होतंय, त्यांना आम्ही मीठ मोजून देतो, तिथे आगळ घातलेली सोलकढी रोज प्यायली तर पायावरची सूज उतरायचं नाव घेत नाही. वडिलांसाठी सोपी गोष्ट म्हणजे बिनमिठाची सुकवलेली आमसुलं, चार-पाच भिजत घालायची, पाणी प्यायचं, चवीला जिरेपूड. किंवा आमटीत चिंच-गुळाच्या जागी आमसूल, गूळ पण आपोआप कमी होतो.

आणि एक धोक्याचं. कोकमाचीच एक दक्षिणेकडची भावकी आहे, गार्सिनिया कॅम्बोजिया, केरळात माशाच्या कालवणात वापरतात ती. स्वयंपाकात काही प्रॉब्लेम नाही. पण तिच्या सालीचा अर्क "वजन कमी करा" म्हणून कॅप्सूलमध्ये विकतात, आणि त्या कॅप्सूलने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस नीट नोंदलेल्या आहेत, काहींना लिव्हर ट्रान्सप्लांटपर्यंत जावं लागलंय. घराणं तेच, ॲसिड तेच, फक्त ताटातून कॅप्सूलमध्ये गेलं. कोविडच्या काळात गुळवेलीचं पण असंच झालं, मुंबईत २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या सहा जणांचा रिपोर्ट आला, त्यावर आयुष मंत्रालयाने ती वेगळी वेल असणार म्हणून हरकत घेतली, पुढे देशातल्या १३ केंद्रांवरून ४३ पेशंटचा अभ्यास आला. वाद काही असो, मी पेशंटला एवढंच म्हणतो, फळ म्हणून जे खाताय ते खा, पण त्याचा काढा, पावडर, कॅप्सूल केलीत की मला सांगा.

आवळा. क जीवनसत्त्व भरपूर हे खरं, जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅमला ६०० मिलीग्रॅम दिलेलं असतं, नव्या मोजणीत त्यापेक्षा बरंच कमी येतं, तरी दिवसाची गरज एका आवळ्यात भागते. कच्चा एखाद-दुसरा मीठ न लावता, किंवा किसून कोशिंबिरीत, चटणीत. मोरावळा आणि आवळा कँडी ही मिठाई आहे, औषध नाही. बाजारच्या रसाच्या बाटलीवर "नो ॲडेड शुगर" असलं तरी मागचं लेबल वाचा. ज्यांना ऑक्झलेटचे मुतखडे होतात किंवा थॅलेसेमियासारखा लोह साठण्याचा आजार आहे त्यांनी आवळ्याचा एकाग्र रस रोजचा करू नये. आणि भुईआवळा हा आवळा नाही, ती वेगळी वनस्पती आहे, कावीळवाले वैदू देतात ती. साधी पाण्यातून होणारी कावीळ, हिपॅटायटिस ए किंवा ई ची, बहुतेकांत आपोआप बरी होते, त्यामुळे त्या वेळी जे दिलं असेल त्याला श्रेय मिळतं.

जांभूळ दीड महिना असतं, तेवढ्यात वाटीभर खा, मजा करा. बियांची पावडर साखरेच्या गोळ्यांबरोबर स्वतःहून सुरू करू नका, मेटफॉर्मिनने सहसा साखर फार खाली जात नाही पण गोळी बदलली की गणित बदलतं. करवंदं तशीच खायची, लोणच्यात मीठ येतं. याच प्रसंगात एक सांगून ठेवतो, करमळ (स्टार फ्रूट) आणि बिलिंबी ही पण आपल्या परसातलीच, पण किडनी कमजोर असेल तर करमळ अजिबात नाही, आणि बिलिंबीचा रस कोलेस्टेरॉलसाठी पिऊन किडनी बंद पडलेल्यांचे रिपोर्ट केरळातून आलेत. तोही "नैसर्गिक उपाय" च होता.

आता वडिलांच्या आकड्यांकडे येऊ, कारण खरं काम इथे आहे. सोनोग्राफीतली "ग्रेड" ही डॉक्टरच्या डोळ्याचा अंदाज आहे, ती चरबी सांगते, लिव्हर कडक व्हायला लागलंय का ते सांगत नाही, आणि आपल्याला काळजी त्याची. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून फिब-४, म्हणजे लिव्हर कडक झाल्याचा अंदाज देणारा आकडा, काढता येतो: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. ५६ गुणिले ५२ म्हणजे २९१२, खाली २१० गुणिले ८.८३ म्हणजे सुमारे १८५५. उत्तर १.५७. १.३ च्या खाली असतं तर निवांत, २.६७ च्या वर असतं तर घाई. मधे आहे, म्हणून फायब्रोस्कॅन करून घ्या, लिव्हरचा कडकपणा बाहेरूनच मोजणारी पंधरा मिनिटांची टेस्ट आहे, दुखत नाही. सोबत हिपॅटायटिस बी आणि सी एकदा तपासलेले असावेत. दारूबद्दल तुम्ही "कधीतरी" लिहिलंय, ते वडिलांना मित्रासारखं विचारा, आठवड्यात किती पेग, कारण त्याने सगळं उत्तर बदलू शकतं.

कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका. साध्या फॅटी लिव्हरला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, चालतं, एसजीपीटी नॉर्मलच्या तिप्पटीच्या आत असेल तर आम्ही ते बिनधास्त चालू ठेवतो, आणि फॅटी लिव्हरचे बहुतेक पेशंट लिव्हरने नाही तर हृदयाच्या आजाराने जातात, म्हणून ती गोळी उलट यांनाच जास्त लागते.

वजनाचं सगळ्यांना माहीत असतं म्हणून ऐकत कुणी नाही, पण यात जेवढा पुरावा आहे तेवढा कुठल्याच फळात नाही. क्यूबात २९३ पेशंटवर ५२ आठवड्यांचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये आला. ज्यांनी १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात दहातल्या नऊ जणांच्या लिव्हरची सूज गेली, आणि जवळजवळ निम्म्यांत कडकपणा पण मागे हटला. मात्र एवढं वजन उतरवणारे शेकडा दहाच निघाले, हेही खरं. वडिलांना ७ टक्के म्हणजे सहा किलो. मी सुरुवात रात्रीच्या जेवणापासून करतो, भात निम्मा, जेवण आठच्या आत, नंतर अर्धा तास चालणं, आणि तीन महिन्यांनी एसजीपीटी. ब्लॅक कॉफी आवडत असेल तर बिनसाखरेची एक-दोन कप चालेल, कॉफी पिणाऱ्यांत लिव्हरचे आजार कमी दिसतात असं बऱ्याच देशांतल्या निरीक्षणांत आलंय.

रस किंवा पावडर आधीच सुरू केली असेल तर ती आजच थांबवा, बाटलीच्या मागच्या लेबलचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा, आणि तीन महिन्यांनी एसजीपीटी करायच्या आधीच्या आठवड्यात नवीन काहीही सुरू करू नका, नाहीतर आकडा वर गेला काय किंवा खाली आला काय, कशामुळे ते कुणालाच सांगता येणार नाही. फायब्रोस्कॅन झाला की किलोपास्कलचा (कडकपणाचा) आकडा इथेच टाका, बघून सांगतो.